‘सांभाळून घेतो’ हा भरवसा किती?

तान्हे मूल सहा महिन्यांचे होते न होते तोच मातेस पुन्हा दिवस राहतात आणि पती-पत्नींस प्रश्न पडतो : ‘आपण तर सांभाळून घेत होतो, मग हे झाले कसे?’

वीर्यपतनापूर्वी पुरुषाने अंग काढून घेणे, ही रीत फार जुनी आहे. तीस पैसा लागत नाही, दवाखान्याची पायरी चढावी लागत नाही. ती अगदीच निरुपयोगी आहे असेही नाही. कोणताच उपाय न योजणाऱ्या १०० जोडप्यांपैकी वर्षभरात सुमारे ८५ स्त्रियांना दिवस राहतात; या रीतीवर विसंबणाऱ्यांत ही संख्या सुमारे २० भरते. म्हणजे पाच जोडप्यांमागे एक फसतेच.

याची कारणे सरळ आहेत. नेमका क्षण प्रत्येक वेळी साधत नाही. काही पुरुषांत वीर्यपतनापूर्वी पाझरणाऱ्या द्रवातही शुक्रजंतू असतात. योनिमुखाशी सांडलेले वीर्यही आत पोहोचू शकते, आणि शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. बाळंतपणानंतर तर पहिली पाळी येण्यापूर्वीच स्त्रीबीज सुटू शकते. म्हणून ‘अजून पाळी आली नाही’ हा दिलासाही फसवा ठरतो.

शिवाय, या रीतीत सारी भिस्त पतीच्या संयमावर. चूक झाल्यास भार मात्र पत्नीने वाहावयाचा. लागोपाठच्या बाळंतपणांनी मातेच्या अंगी रक्त उरत नाही आणि अंगावरच्या बाळाचीही आबाळ होते.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, तेव्हा साधने दुर्मीळ होती. आज निरोध, ‘छाया’ गोळ्या, दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे ‘अंतरा’ इंजेक्शन व तांबी हे उपाय सरकारी आरोग्य सेवेत विनामूल्य मिळतात. तांबी बसविलेल्या १०० स्त्रियांपैकी वर्षभरात एकीलाही क्वचितच दिवस राहतात. गुप्तरोगांपासून बचाव मात्र निरोधच करतो. अंगावर पाजणाऱ्या मातेने आपणास योग्य उपाय कोणता, हे वैद्यकीय अधिकाऱ्यास विचारून ठरवावे.

एखादे वेळी चूक झालीच, तर संकटकालीन गोळी शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत घ्यावी. ती नित्याचा उपाय नव्हे. यासाठी आशाताई, परिचारिका वा प्राथमिक आरोग्य केंद्राकडे निःसंकोच जावे. आणि ही भेट एकट्या पत्नीवर न सोपविता पतीनेही सोबत जावे. खरे सांभाळून घेणे ते हेच.