‘किती महिने?’ याचं उत्तर घेताना

ब्रेन ट्यूमरच्या पेशंटच्या घरच्यांना ओपीडीत एक आकडा हमखास ऐकवला जातो: चौदा-पंधरा महिने. आम्हालाही तो बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट येण्याआधीच ऐकवला गेला, तेव्हा या लिखाणात राग डोकावला तर डोकावू दे. आकडा खोटा नाही. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड हे औषध घेतलेल्या, ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक गाठीच्या रुग्णांच्या जगण्याचा मध्यांक 14.6 महिने निघाला. म्हणजे निम्मे तेवढ्या काळात गेले आणि निम्मे त्यापुढेही जगले. त्याच गटातले सुमारे 27 टक्के दोन वर्षांनी आणि जवळपास 10 टक्के पाच वर्षांनी हयात होते, हे मात्र कुणी सांगत नाही. चाचणीत सत्तरीपुढचे रुग्ण नव्हतेच. त्यामुळे ऐंशीच्या, अंथरुणाला खिळलेल्या आजोबांच्या बाबतीत हाच आकडा पोकळ दिलासा ठरतो.

खरा फरक गाठीच्या जातीनं पडतो. 2021 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात प्रौढांमध्ये आयडीएच जनुकात बदल असलेल्या गाठीला ग्लायोब्लास्टोमा म्हणतच नाहीत. तिची वाटचाल सहसा बरीच संथ असते. ग्लायोब्लास्टोमातही एमजीएमटी जनुक मिथायलेटेड, म्हणजे रासायनिक बदलानं बंद पडलेलं असेल, तर त्याच चाचणीत टेमोझोलोमाइड घेणाऱ्यांचा मध्यांक 21.7 महिने आणि नसेल तर साधारण 13 महिने होता. पॅथॉलॉजी रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात ‘पुढील जनुकीय तपासण्या सुचवल्या आहेत’ असं असतं. ती ओळ वाचल्याशिवाय महिने मोजणारा डॉक्टर, कितीही नावाजलेला असो, अंदाजपंचे बोलतो.

‘नातेवाईकच आकडा मागतात, आम्ही काय करणार?’ हा बचाव मला पटत नाही. मागतात, कारण रजा, कर्ज, शेत विकायचं की नाही, सगळं त्यावर ठरतं. म्हणूनच वाईटात वाईट आणि बऱ्यात बरं, दोन्ही सांगायला हवं. त्यानं खोटी आशा लागते म्हणावं, तर वाईट टोकही त्यातच आलं की! तेव्हा विचारा: ऑपरेशननंतर दोन-तीन दिवसांत केलेल्या एमआरआयमध्ये गाठ किती उरली? आयडीएच, एमजीएमटी तपासलं का? सेकंड ओपिनियन घ्याच. त्यासाठी काढलेल्या गाठीचे पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या. ‘आता त्याचा काय उपयोग’ असं ऐकावं लागलं तरी काउंटरवरून हलू नका.