वनरक्षण : प्रवाशाचे व व्यापाऱ्याचे कर्तव्य

वृक्ष उभा राखूनही त्यापासून उपजीविका होऊ शकते, हे केरळातील पेरियार व्याघ्र प्रकल्पाच्या उदाहरणावरून व्यापारी बंधूंना पटावे. थेक्कडीनजीकच्या या सदाहरित अरण्यात काही गरीब ग्रामस्थ रानदालचिनीची साल चोरून काढीत. भोवतालची साल सोलली की झाड वाळून जाते. १९९६ साली सुरू झालेल्या पर्यावरण-विकास योजनेत वनखात्याने अशाच लोकांची समिती बनविली. ते प्रवाशांना पायी अरण्य दाखवू लागले व त्याच वेळी रानाची राखणही करू लागले. रानवाटांचे ज्ञान हेच त्यांचे भांडवल ठरले आणि प्रवाशांच्या शुल्कातून त्यांना मिळकत होऊ लागली.

हा हिशेब प्रवाशाच्या वर्तनावर अवलंबून आहे. स्थानिक वाटाड्या घ्यावा, शुल्कात घासाघीस करू नये, आपला कचरा परत आणावा, वन्य पशूंना खाऊ घालू नये.

व्यापाऱ्याचे कर्तव्य याहून मोठे आहे. चोरीच्या सालीला गिऱ्हाईक नसते, तर ती कोणी काढली नसती. चोरीचा माल घेणे हा अचौर्याणुव्रताचा ‘तदाहृतादान’ नामक अतिचार होय. म्हणून वनोपज घेताना तो कोठून आला हे विचारूनच सौदा करावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.