वडिलांची मॅटॅडोर पुन्हा चालू करताना



हंगाम संपला की वाहनांच्या देखभालीचा विषय निघतो, पण तो चालू वाहनांपुरता. कंधार-लोहा भागात एखाद्या वाड्यामागे, चिंचेखाली, कडब्याच्या गंजीला टेकून जुनी मॅटॅडोर उभी दिसते, तिचे काय? वडिलांनी घेतलेली, मुलांनी उभी केलेली. आत कोंबड्या बसतात आणि भंगारवाला येता-जाता भाव विचारतो. अशीच एक आम्हा भावांच्या दारात होती. २०१५ च्या दुष्काळात ऊस करपला, भाडी बंद झाली आणि ती थांबली ती थांबलीच. पुढे वडील गेले. मग तिला विकवेनाही आणि हातही लावता येईना. अखेर आम्ही ती चालू केली. त्यात जे शिकलो आणि जे चुकलो, ते इथे मांडत आहोत.

ही गाडी पुण्याजवळच्या आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीची. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स नावाने चालते. ‘टेम्पो’ हे मूळ जर्मन कारखान्याचे नाव, पण आपल्याकडे कुठल्याही मालगाडीला टेम्पोच म्हणतात. नंतरच्या काळातील मॅटॅडोरला मर्सिडीज-बेंझच्या ओ. एम. ६१६ जातीचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन असे. म्हणजे ज्या गाडीत आमच्या वडिलांनी बेणे, खत आणि माळेगावच्या यात्रेची माणसे वाहिली, तिचे काळीज मर्सिडीजचे होते! इंजिन दणकट आहे, पण दणकट म्हणून त्याच्यावर जबरदस्ती करायची नाही.

आमचा पहिला बेत जबरदस्तीचाच होता. ट्रॅक्टरला टोचन लावायचे, दुसरा गिअर टाकायचा आणि ओढायची. गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी हात धरला. म्हणाले, “आरं, आत काय झालंय ते बघितलंय का?” वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा तिथेच चिकटतात. ओढताक्षणी रिंग तुटते, भिंतीवर ओरखडे पडतात. त्यातून एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी उतरले असेल तर आणखी वाईट. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा देत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून आधी बॅटरी सोडली. बॉनेट काठीने उघडले, कारण साप-विंचू हा थट्टेचा विषय नाही. आमच्या नशिबी उंदरांचे घरटे आणि कुरतडलेल्या वायरी निघाल्या. मग खाली झोपून चॅसिसवर हातोडीने ठोकून पाहिले. ठण् आवाज आला तर ठीक. पत्रा दबला, पापुद्रे सुटले, तर पुढचा खर्चच करू नये. इंजिन दुरुस्त होते, कुजलेल्या चॅसिसवर मात्र माणसे बसवता येत नाहीत. आमची वाचली होती.

चारही हीटर प्लग काढले, त्या भोकांतून प्रत्येकी दोन चमचे पातळ इंजिन तेल सोडले आणि तीन दिवस थांबलो. धाकट्याला दम निघेना, पण या थांबण्यातच अर्धे काम होते. चौथ्या दिवशी क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालते त्याच दिशेने हळू दाबले. पाना हलला. दोन पूर्ण फेरे हाताने घेतले. प्लग बाहेर असल्याने जास्तीचे तेल भोकांतून निघून गेले. नसते तर त्या तेलानेही पाण्याचेच काम केले असते.

जुने इंजिन तेल काढून नवे भरले, फिल्टर बदलला. मग बंद करायची केबल ओढून, म्हणजे डिझेल तोडून, प्लग बाहेरच ठेवून, नव्या बॅटरीवर थोडा-थोडा सेल्फ मारला. तेलाच्या दाबाचा काटा उचलला, तेव्हाच प्लग परत बसवले.

चूक पुढे झाली आणि ती सर्वस्वी आमची. टाकीत निम्मे डिझेल होते. महागाचे म्हणून जीव झाला नाही, फक्त फिल्टर बदलून तेच वापरले. जुन्या टाकीत तळाला पाणी साचते आणि पाणी-डिझेलच्या सांध्यावर जंतू-बुरशीची काळी साय धरते. ती साय आणि गंज थेट पंपात गेला. पंप उतरवून नेला. पंपवाल्याने आतला घाण-गाळ दाखवला, तेव्हा वाचवलेल्या डिझेलची किंमत कळली. टाकी खाली उतरवून धुवावी, रबरी नळ्या सगळ्या नव्या घालाव्यात, मगच नवे डिझेल.

हाताच्या पंपाने हवा काढली. नोझलच्या फवाऱ्यापुढे बोट धरू नये, ती धार कातडीतून आत शिरते. शिवाय एका भावाला हवेच्या तोंडाशी सपाट फळी घेऊन उभे केले. जुन्या पंपाचा दांडा पूर्ण डिझेलवर अडकला तर इंजिन बेफाम होते, चावी फिरवून थांबत नाही. हवा तोडावी लागते. फळीऐवजी पोते नको, ते आत ओढले जाते.

हीटर तापवून सेल्फ मारला. पांढरा धूर, खोकल्यासारखे दोन ठोके, मग चारही सिलिंडर लागले. आई ओट्यावर आली आणि काही न बोलता उभी राहिली.

इंजिन लागले म्हणजे गाडी झाली असे नव्हे. ब्रेकचे तेल हवेतली ओल पिते, चाकाचे सिलिंडर आतून गंजतात. आमचे सगळे बदलावे लागले. टायरची नक्षी बघून फसू नका. बाजूला शेवटचे चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. आमचे त्याच सुमाराचे होते, काढून टाकले.

कागदाचे काम आम्ही सर्वात शेवटी केले, ते आधी करावे. मालक वारल्यास वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे आणि ३ महिन्यांत नमुना ३१ भरून नाव लावून घ्यायचे असते. वार्षिक कराची गाडी वापरात नसल्याचे आगाऊ लेखी कळवले नसेल, तर उभ्या गाडीवरही कर चढतो. पंधरा वर्षे झाली म्हणून खाजगी मालकाची गाडी आपोआप भंगारात जात नाही, पण तपासणीत उतरली पाहिजे. विमा आणि धुराचा दाखला वेगळा.

आमच्या गाडीची तपासणी अजून व्हायची आहे, म्हणून ती गावरस्त्यावरही काढलेली नाही. बांधाच्या आत बेणे वाहते. हँडब्रेक नीट धरत नाही, चढावर मागच्या चाकाला दगड लावतो. तो दगडही वडिलांनीच सीटखाली ठेवलेला सापडला.