बोट कुठे अडतं ते बघ

बेटा, तू पुण्यात ॲप बनवतेस आणि मी इथे परतवाड्यात सेतू केंद्रांच्या काळापासून लोकांचे फॉर्म भरून देतोय. तुझं कोडिंग मला कळत नाही. पण तुझ्यासारख्यांचं काम जिथे येऊन अडतं, ती जागा मी रोज बघतो. म्हणून चार गोष्टी सांगतो.

"ॲप कसं वाटलं?" असं कुणाला विचारू नकोस. आपल्याकडचा माणूस समोरच्याचं मन मोडत नाही. "चांगलं आहे जी" म्हणेल आणि उठेल. फोन त्याच्या हातात दे आणि शेजारी गप्प बस. हात शिवशिवले तरी मदत करू नकोस. बोट कुठे अडतं, कुठे तो मान वर करून तुझ्याकडे बघतो, तेवढं लिहून घे.

सगळ्यात जास्त अडतं ते आकड्यांत. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये आणि शेतकरी बोलतो एकरात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतकरी स्वतः मोबाइलवर पेरा नोंदवू लागला आणि हा हिशेब घराघरांत गेला. मागे एका वेगळ्याच फॉर्मवर एका काकांनी अडीच एकर कपाशी म्हणून हेक्टरच्या चौकोनात २.५ लिहिलं. अडीच हेक्टर म्हणजे सहा एकरांच्या वर! फॉर्मने मुकाट घेतलं आणि अर्ज पुढे जाऊन लटकला. काकांची चूक नव्हती, बेटा. एकर-गुंठे त्यांना लिहू दे, हेक्टर तू काढ आणि विचार: "म्हणजे १ हेक्टर १ आर, बरोबर?" त्यांनी हो म्हटल्यावरच पुढचं पान उघड. आणखी एक. आपल्याकडे कपाशीत तूर असते. माणूस पेरा सांगतो तो तासांत, म्हणजे ओळींत: इतकी तासं कपाशीची, इतकी तुरीची. "एकच पीक निवडा" म्हणणारा फॉर्म त्याला खोटं लिहायला लावतो.

भाषा सोपी कर, पण लोकांचे शब्द काढू नकोस. फेरफार, आठ-अ, पेरा हे शब्द त्यांना तुझ्यापेक्षा चांगले कळतात. अडतं ते "प्रमाणीकरण अयशस्वी" पाशी. मजुरी करून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या एका मावशींना मी ते वाचून दाखवलं, तर त्या म्हणाल्या, "मी नापास झाली का जी?" तिथे लिहायचं होतं: अंगठा नीट उमटला नाही, दुसरं बोट ठेवून बघा.

घाट चढून मेळघाटात गेलं की कोरकू बोलणाऱ्यांना मराठीसुद्धा दुसरी भाषा. तिथे चित्र हवं, आवाज हवा. रेंज मध्येच जाते; भरलेलं पान पुसलं जाऊ देऊ नकोस. ओटीपी बरेचदा पोराच्या फोनवर येतो आणि पोरगा असतो परगावी कामाला. वेळ वाढवून दे.

आता डोळ्यांचं. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं तुमच्या एसीतल्या पडद्यावर देखणी दिसतात. वैशाखातल्या उन्हात बांधावर उभं राहून ती वाचून बघ. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा फरक हवा, हा जगभर मानलेला नियम तुला माहीतच असेल. तो पाळ. आणि ज्यांना दिसतच नाही, त्यांच्यासाठी प्रत्येक बटणाला नाव दे, म्हणजे स्क्रीन रीडर ते बोलून दाखवेल. नुसत्या चित्रातला कॅप्चा ठेवलास तर त्यांना दार बंदच. इथून जवळच वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचा आश्रम आहे. तिथे वाढलेली अंध माला पापळकर २०२४ साली एमपीएससी उत्तीर्ण झाली. अशा मुलीला तुझ्या ॲपवर बटण सापडलं नाही, तर कमी कोण पडलं? ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

दिवाळीला येशील तेव्हा कापूस वेचणीचे दिवस असतील. एक सकाळ काढ, तुझं ॲप फोनवर घेऊन ये आणि केंद्रातल्या बाकावर माझ्या शेजारी बस.