काम उत्तम, पण पोहोच किती? : बेहालाच्या पूजामंडळांचा धडा

‘बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोने विकत नाही’ अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे रूढ आहे. व्यापारात मुरलेली माणसे ती वारंवार ऐकवतात. तथापि ही म्हण अर्धेच सत्य सांगते. कोणाशी बोलावे, केव्हा बोलावे आणि काय हाती घेऊन बोलावे, याविषयी ती मौन बाळगते.

माल चोख असूनही गिऱ्हाईक फिरकत नाही, ही अनेक लघुउद्योजकांची, बचत गटांची आणि कलावंतांची तक्रार असते. त्यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे जाहिरात. परंतु जाहिरात आणि संपर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जाहिरात सर्वांना उद्देशून असते. संपर्क निवडक व्यक्तींशी साधला जातो. ज्यांच्या शब्दाला त्यांच्या वर्तुळात वजन आहे, अशा मोजक्या माणसांपर्यंत आपले काम स्वतः नेणे आणि त्यांच्यामार्फत ते पुढे अनेकांपर्यंत जाऊ देणे, याला संपर्कातून मिळवलेली पोहोच म्हणता येईल. जाहिरातीची जागा पैसे मोजून मिळते; येथे विश्वास संपादन करावा लागतो.

दरवर्षी हजारो मंडप एकाच वेळी एकाच शहरातील प्रेक्षकांसाठी स्पर्धा करतात, तेथे या फरकाचे मोल स्पष्ट दिसते. असे शहर म्हणजे दुर्गापूजेतील कोलकाता. आणि त्यातही शहराच्या मध्यापासून दूर असलेले बेहाला हे उपनगर विशेष अभ्यासण्यासारखे आहे.

परंपरा मोठी, अंतरही मोठे

बेहाला डायमंड हार्बर मार्गावर, कोलकात्याच्या नैर्ऋत्येस वसले आहे. त्यातील बडिशा येथे सावर्ण रायचौधुरी घराण्याचा आटचाला आहे. या घराण्याची दुर्गापूजा १६१० पासून चालत आल्याचे सांगितले जाते. सुतानुटी, गोविंदपूर आणि कलिकाता या तीन गावांचे हक्क इंग्रजांनी १० नोव्हेंबर १६९८ रोजी १,३०० रुपयांना मिळवले, ते याच घराण्याकडून. ज्या व्यवहाराने पुढील महानगराचा पाया घातला, त्याचा धागा असा बेहालाशी जोडलेला आहे.

एवढी परंपरा असूनही बेहाला दीर्घकाळ शहराच्या कडेलाच राहिले. ते कलकत्ता महानगरपालिकेत समाविष्ट झाले १९८४ मध्ये. उत्तर कोलकात्यातील जुने वाडे किंवा मध्यवर्ती भागातील भव्य मंडप पाहायला निघालेला माणूस वाट वाकडी करून बेहालाकडे वळेलच, याची शाश्वती नव्हती. त्याने वळावे, यासाठी त्याच्या कानावर आधी काहीतरी पडणे आवश्यक होते.

गर्दीचे अर्थकारण

सार्वजनिक दुर्गापूजेचा हिशेब आपल्या गणेशोत्सव मंडळांना अपरिचित नाही. वस्तीतील वर्गणी हा पाया; परंतु मोठ्या मंडपाचा खर्च प्रायोजक, कमानींवरील फलक आणि आवारातील दुकानांच्या भाड्यातून भागतो. प्रायोजक एकच प्रश्न विचारतो : ‘लोक किती येतात?’ प्रेक्षक वाढले की फलकांना भाव येतो. त्यातून पुढील वर्षी चांगला कलावंत बोलावता येतो. आणि चांगल्या कामामुळे पुन्हा प्रेक्षक येतात. हे चक्र उलटे फिरू लागले, तर बांबूकाम करणारे, मूर्तिकार, वीजकाम करणारे आणि ढाकवादक या सर्वांच्या मिळकतीला कात्री लागते.

ब्रिटिश कौन्सिलने २०१९ च्या दुर्गापूजेचा अभ्यास केला. त्यानुसार पश्चिम बंगालमध्ये पूजेभोवतीच्या सर्जनशील अर्थव्यवस्थेचे मूल्य सुमारे ३२,३७७ कोटी रुपये, म्हणजे राज्याच्या सकल उत्पन्नाच्या २.५८ टक्के होते. यातील सर्वांत मोठा वाटा किरकोळ विक्रीचा होता. मंडपाची कला आणि मूर्ती यांवरील खर्च तिच्या तुलनेने अल्प. पण घराबाहेर पडलेल्या माणसाला आपल्या वस्तीत खेचून आणण्याचे काम हीच कला करते.

कोणापर्यंत पोहोचावे?

१९८५ मध्ये एशियन पेंट्स कंपनीने ‘शारद सन्मान’ हा पुरस्कार सुरू केला आणि पूजामंडळांच्या जगात एक नवा घटक आला : परीक्षक. तोवर मंडपाची कीर्ती प्रामुख्याने तोंडोतोंडी पसरत असे. आता कलेची जाण असलेली काही माणसे मंडपात येऊन काम पारखू लागली, त्यांचा निर्णय वृत्तपत्रांत छापून येऊ लागला आणि तो वाचून लोक आपल्या फेरफटक्याचा मार्ग ठरवू लागले. पुढे अशा पुरस्कारांची संख्या बरीच वाढली; राज्य शासनाचाही ‘विश्व बांग्ला शारद सन्मान’ २०१३ पासून दिला जाऊ लागला.

मोजक्या परीक्षकांच्या एका भेटीने जे साधते, ते हजारो पत्रकांनी साधत नाही. कारण परीक्षक हा मंडळाचा नातलग नसतो आणि त्याने दिलेली दाद विकत घेतलेली नसते. वाचक नेमका यावर विश्वास ठेवतो. शहराच्या कडेच्या वस्तीला तर या मार्गाचा लाभ अधिक. परीक्षकाला पत्ता शोधावा लागला तरी तो येतो, आणि तो येऊन गेल्यावर इतरांना पत्ता शोधावासा वाटतो.

केव्हा पोहोचावे?

दुर्गापूजेचे मुख्य दिवस पाचच. षष्ठीला प्रसिद्धीचा विचार सुरू करणाऱ्या मंडळाचा हंगाम दशमीला संपलेला असतो. म्हणून अनेक मंडळे रथयात्रेच्या सुमारास, म्हणजे काही महिने आधी, ‘खुंटिपूजा’ करतात. मंडपाच्या पहिल्या खांबाची ही पूजा मुळात धार्मिक विधी. परंतु आज निमंत्रित पाहुणे आणि पत्रकार यांच्या उपस्थितीत वर्षाचा विषय जाहीर करण्याचेही ते निमित्त झाले आहे. अलीकडच्या काळात निवडक मंडपांचे काम पूजेपूर्वीच कलारसिकांना आणि परदेशी पाहुण्यांना दाखवण्याचे उपक्रमही सुरू झाले आहेत. गर्दी येण्याआधी शांतपणे काम पाहता आले, तर पाहणारा त्याविषयी अधिक जाणतेपणाने बोलतो.

वाट तुटली तेव्हा

पोहोच किती नाजूक असते, याचा प्रत्यय बेहालाला ४ सप्टेंबर २०१८ रोजी आला. बेहालाला शहराशी जोडणाऱ्या प्रमुख मार्गावरील माझेरहाट पूल कोसळला. या दुर्घटनेत तिघांना प्राण गमवावे लागले. पूजा अवघ्या काही आठवड्यांवर आली होती आणि नेहमीचा सरळ रस्ताच नाहीसा झाला होता. नवा ‘जय हिंद सेतू’ ३ डिसेंबर २०२० रोजी खुला झाला. म्हणजे तीन पूजा त्या पुलाविना गेल्या. अशा वेळी ‘आमचा मंडप सुंदर आहे’ एवढे सांगून भागत नाही. ‘आमच्याकडे यायचे कसे’ हे सांगणे तितकेच महत्त्वाचे ठरते. दुकानाचा रस्ता खोदलेला असताना जुनाच पत्ता छापत राहणाऱ्या व्यावसायिकाने हे ध्यानात घ्यावे.

२०२० ची पूजा तर दुहेरी संकटाची होती. महामारीमुळे कलकत्ता उच्च न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०२० रोजी मंडपांत प्रेक्षकांना प्रवेशबंदीचा आदेश दिला. पूल नाही आणि प्रवेशही नाही. पण बेहालातील बडिशा क्लबची मूर्ती देशभर पोहोचली ती याच वर्षी. रिंटू दास यांची संकल्पना आणि पल्लव भौमिक यांचे शिल्प असलेल्या त्या मंडपाचा विषय होता ‘त्राण’, म्हणजे मदत. उघड्या अंगाचे मूल कडेवर घेतलेली, लेकरांसह निघालेली एक स्थलांतरित मजूर स्त्री हीच तेथील दुर्गा होती. त्या वर्षीच्या टाळेबंदीत पायी गावाकडे निघालेली माणसे सर्वांनी पाहिली होती. म्हणून त्या मूर्तीच्या छायाचित्राला खुलाशाची गरज भासली नाही. ते वृत्तपत्रांतून आणि भ्रमणध्वनीवरून देशाच्या सीमाही ओलांडून गेले.

यातून मिळणारा धडा सूक्ष्म आहे. पुढे सांगावेसे वाटेल असे काही कामातच असेल, तरच माणसे ते पुढे नेतात. सांगणाऱ्याला स्वतःच्या मनातले काही त्या कामात सापडले पाहिजे. संपर्काचे सारे कौशल्य या पायावर उभे असते. पाया नसेल तर ते कौशल्य एका हंगामापलीकडे टिकत नाही.

पोहोच पेलावीही लागते

याची दुसरी बाजूही कोलकात्याने पाहिली आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये दक्षिण कोलकात्यातील देशप्रिय पार्क येथे ८८ फूट उंचीच्या दुर्गामूर्तीची प्रचंड जाहिरात झाली. पंचमीच्याच रात्री एवढा लोंढा लोटला की पोलिसांना मंडप प्रेक्षकांसाठी बंद करावा लागला. लोक आले, पण दर्शनाविना परतले. मागणी निर्माण करण्यापूर्वी ती पूर्ण करण्याची तयारी तपासावी, हा उद्योगाचा प्राथमिक नियम येथे शब्दशः प्रत्ययास आला. ५०० डब्यांची क्षमता असलेल्या गृहउद्योगाने ५,००० डब्यांच्या मागणीला आमंत्रण दिले, तर लाभापेक्षा नावाची हानीच अधिक होते.

हिशेब कसा मांडावा?

संपर्काचे फळ मोजता येत नाही, असा एक समज आहे. साध्या वहीतही ते मोजता येते. समजा, मसाले तयार करणाऱ्या एका बचत गटाने ५,००० रुपयांची पत्रके वाटली आणि ८ नवे ग्राहक मिळाले. प्रत्येक नवा ग्राहक ६२५ रुपयांना पडला. आता समजा, त्याच गटाने परिसरातील १० महिला मंडळांच्या अध्यक्षांना नमुन्याची पाकिटे स्वतः नेऊन दिली. खर्च १,२०० रुपये. त्यांपैकी ३ मंडळांनी बैठकीत विक्रीची संधी दिली आणि २४ ग्राहक मिळाले. वरवर पाहता प्रत्येक ग्राहकाचा खर्च ५० रुपये येतो. परंतु दोन सदस्यांचे चार दिवस यात गेले. दिवसाची मजुरी ४०० रुपये धरल्यास ३,२०० रुपये मिळवावे लागतील. एकूण ४,४०० रुपये, म्हणजे ग्राहकामागे सुमारे १८३ रुपये. हा आकडा खरा. स्वतःच्या श्रमाचे मोल न धरता केलेला हिशेब फसवा असतो.

याच वहीत आणखी एक रकाना असावा : तीन महिन्यांनी पुन्हा खरेदी करणारे किती? एकदाच आलेला प्रेक्षक आणि दरवर्षी येणारा प्रेक्षक यांतील फरक तेथे कळतो.

व्यवहारात आणण्याजोगी सूत्रे

१. प्रथम स्वतःला विचारावे : आपल्या कामात दुसऱ्याला सांगण्याजोगे काय आहे? ते दोन वाक्यांत लिहून पाहावे. लिहिता आले नाही, तर आधी कामाकडे वळावे.

२. दहा नावांची यादी करावी. ज्यांच्या शिफारशीने आपल्या ग्राहकाचे मत बनते, अशी ही नावे असावीत. केवळ प्रसिद्ध व्यक्तींची नकोत.

३. प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलावे. एकच छापील मजकूर सर्वांना पाठवणे म्हणजे संपर्क नव्हे. समोरच्याच्या कामाची माहिती घेतल्याशिवाय त्याचा वेळ मागू नये.

४. मागण्यापूर्वी द्यावे. नमुना, स्पष्ट छायाचित्र, अचूक पत्ता, वेळ आणि येण्याचा मार्ग या गोष्टी हाती असल्या, की पुढे सांगणाऱ्याचे काम सोपे होते.

५. हंगामाच्या पुरेसे आधी आरंभ करावा. दिवाळीच्या विक्रीचा संपर्क गणेशोत्सवापूर्वी झालेला बरा.

६. उत्तर न आल्यास एकदा नम्रपणे स्मरण द्यावे, त्यानंतर थांबावे. पाठपुरावा आणि पिच्छा यांतील सीमा ओळखावी.

७. ज्यांनी मदत केली, त्यांना निष्पत्ती कळवून आभार मानावेत. पुढील वर्षीच्या संपर्काची सुरुवात येथेच होते.

८. प्रायोजकत्व किंवा देणगी संस्थेच्या नावे असलेल्या बँक खात्यातच स्वीकारावी आणि पावती द्यावी. चोख हिशेब दाखवू शकणाऱ्या मंडळाला पुढील प्रायोजक मिळवणे सुकर जाते.

शाखांमधील कर्मचाऱ्यांनाही ही सूत्रे उपयुक्त आहेत. नव्या योजनेचा फलक दाराशी लावला, की काम संपले असे मानण्याऐवजी गावातील शिक्षक, दूध संस्थेचे सचिव, बचत गटांच्या प्रमुख यांच्याशी प्रत्यक्ष बोलणे अधिक फलदायी ठरते. खातेदाराच्या मनात बँकेविषयी जो विश्वास निर्माण होतो, तो बहुधा अशाच एखाद्या ओळखीच्या माणसाच्या शब्दावर.

१५ डिसेंबर २०२१ रोजी ‘कोलकात्यातील दुर्गापूजा’ युनेस्कोच्या मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत समाविष्ट झाली. या नामांकनाचा प्रस्ताव इतिहासकार तपती गुहा-ठाकुरता यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला. अनेक वर्षे मंडपांमध्ये फिरून त्यांनी हा अभ्यास केला होता. शतकांची परंपरा आणि हजारो कारागिरांचे श्रम आधीपासून होतेच. ते योग्य भाषेत, योग्य वेळी, योग्य व्यासपीठापुढे मांडणारे कोणीतरी हवे होते. आपल्या लहानशा उद्योगापुरते हे काम प्रत्येकाला स्वतःच करता येते. येत्या हंगामापूर्वी वहीच्या एका पानावर दहा नावे लिहून त्याचा आरंभ करावा.