आधी पायाला हात लावा

गुण जमवणं अवघड नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडची नोंदणी दर 5 वर्षांनी नव्याने करायची, त्यासाठी सीएमईचे 30 गुण दाखवायचे. श्रीपुरात दवाखाना चालवणाऱ्याला त्यासाठी एखाद्या रविवारी अकलूज, पंढरपूर नाहीतर थेट सोलापूर गाठावं लागतं. गळीत हंगामात तेही होत नाही. रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा आणि दवाखाना कोयता लागलेल्या ऊसतोड्यांचा. मग जवळचं, सोयीचं व्याख्यान बघायचं, सही करायची, जेवायचं. रक्तवाहिन्यांच्या विकारांवर मी ऐकलेली बरीचशी भाषणं एका नव्या गोळीपासून निघायची आणि त्याच गोळीपाशी पोचायची. औषध कंपन्यांच्या पैशावरच्या अशा कार्यक्रमांना लगाम घालणारे नियम ऑगस्ट 2023 मध्ये आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले. तेव्हा चाळणी आपल्यालाच लावायची आहे.

मला ती चाळणी एका पेशंटने दिली. कारखान्यातून निवृत्त झालेले काका, हातात कंबरेच्या एमआरआयची पिशवी. ‘‘नस दबलीय म्हणतेत. पर कारखान्याच्या गेटापातुर गेलो की पोटरी भरून येती. जरा उभं राहिलं की जातंय, चालाय लागलं की परत आलंच.’’ मणक्यात नस दबलेला माणूस सहसा बसतो, पुढे वाकतो, तेव्हा त्याला बरं वाटतं. नुसतं उभं राहून पोटरी मोकळी होत असेल, तर रक्तपुरवठ्याचा संशय आधी घ्यावा. उजव्या घोट्यामागची नाडी लागेना. हातातल्या डॉपलरने दाब मोजला : दंडाला 140, घोट्याला 84. भागाकार 0.6. तो 0.9 पर्यंत किंवा त्याखाली आला की पायाची धमनी अरुंद झाली असं धरतात. गालात तंबाखूची गोळी होतीच.

त्यांच्या फाइलमध्ये चांगल्या, शिकलेल्या डॉक्टरांचे कागद होते. एकाही कागदावर पायाच्या नाडीची नोंद नव्हती. आणि मला ती बघावीशी वाटली, ती काही हुशारीमुळे नाही. एका छोट्या कार्यशाळेत शिकवणाऱ्या सर्जनने स्लाइड बंद करून आमच्या हातात प्रोब दिला होता, म्हणून. (जेवण तिथलं अगदीच साधं होतं.)

म्हणून नव्या डॉक्टरांना सांगतो : निमंत्रणपत्रिकेत आधी प्रात्यक्षिक शोधा. खरा पेशंट किंवा निदान प्रोब हाताला लागणार असेल, तर दोन गुण कमी मिळाले तरी तिकडे जा. परत आलात की त्याच आठवड्यात दवाखान्यातल्या प्रत्येक मधुमेह्याची आणि तंबाखू खाणाऱ्याची पादत्राणं उतरवा. पावलावरची नाडी काही धडधाकट माणसांतही लागत नाही, पण आतल्या घोट्यामागची हरवली तर ते गंभीर समजा. अंगठ्याने तपासू नका, आपलीच नाडी लागते. मधुमेह्यात घोटा-दंडाच्या दाबाचा भागाकार 1.4 च्या वर गेला तर खूश होऊ नका. धमन्या चुना साचून कडक झाल्यात, पट्ट्याने दबतच नाहीत. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजायला पाठवा. आणि फुगलेल्या शिरांच्या जखमेवर घट्ट पट्टी आवळण्याआधी घोटा-दंडाचा भागाकार काढाच. धमनीच बंद असेल तर त्या पट्टीने पाय काळा पडेल.

हाताला सवय हवी असेल, तर आपल्याकडे वारी आहे. तुकोबांची पालखी अकलूज, बोरगाव करत याच पट्ट्यातून पंढरीला जाते. सेवा शिबिरात माउली पाय पुढे करून बसलेल्या असतात. मलम लावताना परवानगी घेऊन दोन बोटं घोट्यामागे ठेवावीत. चांगली नाडी पन्नास पायांत ओळखीची झाली की एकावन्नाव्या पायातली उणीव आपोआप खटकते. पुस्तकाने हे काम होत नाही.

काकांना अॅस्पिरिन आणि स्टॅटिन दिलं, तंबाखू मोठ्या भांडणानंतर सुटली, आणि पोटरी भरेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, असा रोजचा व्यायाम लावला. व्हॅस्क्युलर सर्जनलाही दाखवलं. त्यांनी शस्त्रक्रियेची घाई केली नाही. काका आता गेट ओलांडून एसटी थांब्यापर्यंत जातात.

अचानक गार, पांढरा पडलेला पाय मात्र थांबत नाही. त्याला साधारण 6 तासांची मुदत, आणि आपल्या गावाहून मोठं शहर लांब. तेव्हा सीएमईत शंका विचारायची वेळ आली की नव्या गोळीचं राहू द्या. असा पाय रात्री दोनला आला तर हेपारिन इथेच द्यायचं का, किती द्यायचं, कुणाला आधी फोन करायचा, हे विचारा. आणि व्याख्यात्याचा मोबाइल नंबर घेतल्याशिवाय जेवायला उठू नका.