गाठ नव्हती म्हणून

शारजात अल मजाजला, खालिद लगूनच्या काठी आमचं घर. इथे एसी सतत चालू, म्हणून अंग कोरडं पडणं नेहमीचंच. डाव्या स्तनाग्राला खाज सुटली, बारीक खपली धरली, तेव्हा खोबरेल तेल लावलं आणि विसरले. महिन्यानं डॉक्टरांना दाखवलं. इसब म्हणून स्टेरॉइडचं मलम मिळालं. लाली उतरायची, मलम थांबवलं की परत यायची. असे सात महिने गेले.

या काळात मी दर महिन्याला चाचपून पाहत होते. गाठ नव्हती. २०११ पासून इथे ‘पिंक कॅरव्हॅन’ची स्तनांच्या कर्करोगासाठी मोफत तपासणी असते, तिकडेही गेले नाही. गाठच नाही, तर जायचं कशाला? मॅमोग्रामही स्वच्छ आला. शेवटी कपड्याला रक्ताचा डाग लागला, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी तिथल्या कातडीचा तुकडा तपासायला पाठवला. निदान झालं: पॅजेटचा आजार.

जेम्स पॅजेट यांनी तो १८७४ मध्ये नोंदवला. स्तनाच्या शंभर कर्करोगांत फार तर एक ते चार असे असतात. कर्करोगाच्या पेशी स्तनाग्राच्या कातडीत शिरतात आणि बहुतेक वेळा आतही रोग असतो. माझा एमआरआयमध्ये दिसला.

माझ्यासारखी चूक कुणाची होऊ नये म्हणून सांगते.

इसब बहुधा दोन्ही बाजूंना होतो आणि स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळापासून सुरू होतो. पॅजेट एकाच बाजूला, स्तनाग्रापासूनच. मलमानं तात्पुरतं बरं वाटलं, तरी फसू नका. दोन-तीन आठवड्यांत पूर्ण बरं झालं नाही, तर स्पष्ट विचारा, ‘तुकडा कधी तपासायचा?’ मॅमोग्राम स्वच्छ आला तरी विचारा.

दुसरं, बायॉप्सीच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. नुसता कागदी रिपोर्ट पुरत नाही. मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलात माझे ब्लॉक पुन्हा तपासले. हर-टू (HER2) या प्रथिनाच्या चाचणीचा आधीचा निकाल ‘दोन प्लस’, म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. अशा वेळी फिश (FISH) ही पुढची चाचणी लागते. ती पॉझिटिव्ह आली आणि उपचारच बदलले. शस्त्रक्रिया, केमो आणि वर्षभर ट्रॅस्टुझुमॅब हे हर-टूवरचं औषध. त्या औषधानं हृदयावर ताण येऊ शकतो, म्हणून मधूनमधून इको. २०१४ पासून भारतात त्याची देशी, स्वस्त आवृत्ती मिळते. परदेशात राहणाऱ्यांनी विमा काय देतो, व्हिसा कशावर टिकून आहे, हे पाहून उपचार कुठे घ्यायचे ते पहिल्याच आठवड्यात ठरवावं. अर्धवट सोडून देश बदलणं फार जड जातं.

आणि संकोच. आईला फोनवर मी ‘कातडीचं काहीतरी’ एवढंच सांगत राहिले. नीट सांगितलं असतं, तर तीच म्हणाली असती, ‘परत दाखव.’

आज आंघोळीनंतर आरशासमोर उभ्या राहा. चाचपण्याआधी डोळ्यांनी नीट पाहा.